बॅक्टेरिऑलॉजीचा जर्नल क्लब: एका फिगरवर तासभर

प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा बॅक्टेरिऑलॉजीचा जर्नल क्लब (एखादा छापलेला शोधनिबंध, म्हणजे पेपर, घेऊन त्यावर चर्चा करण्याची बैठक) दर आठवड्याला भरतो. एक जण चाळीसेक स्लाइड वाचून दाखवतो, शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ होतं, कुणी तोंड उघडत नाही, मग सर दोन प्रश्न विचारतात आणि सगळे उठतात. पेपर कसा निवडावा, तास कसा चालवावा आणि चर्चेत नेमकं काय तपासावं?

नुसत्या स्लाइड कमी करून हे सुटणार नाही. मांडणारा पेपरचा सारांश सांगतो, आणि सारांशावर विचारण्यासारखं काही नसतं. प्रश्न फिगरला आणि मेथडला विचारता येतात. म्हणून क्लबचा तास एकाच कामाला द्या. पेपरचा मुख्य दावा ज्या एका, फार तर दोन फिगरवर उभा आहे त्या शोधायच्या आणि त्यांना सगळ्या बाजूंनी ढकलून पाहायचं. पार्श्वभूमी, लेखकांची ओळख, प्रयोगशाळेचा इतिहास हे सगळं या कामापुरतं.

जर्नल क्लबची प्रथा विल्यम ऑस्लरनं १८७५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सुरू केली, आणि तिचं कारण अगदी व्यवहारी होतं: महागडी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती. आता ती अडचण बरीच हलकी झाली आहे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं वाचता येतात. आपल्या संस्थेचं नाव त्यात आहे का, हे ग्रंथपालांना एकदा विचारून घ्या. नसेल तर पबमेड सेंट्रल (मोफत पूर्ण पेपर), बायोआर्काइव्ह (छापण्याआधी टाकलेले पेपर) आणि लेखकाला पाठवलेली दोन ओळींची मेल यांवर बहुतेक काम भागतं.

गट आठ ते बारा जणांचा असावा. पंधराच्या वर गेलात की मागची रांग प्रेक्षक होते. तेव्हा दोन गट करा. वार आणि वेळ पक्की ठेवा, प्रॅक्टिकलच्या दिवशी नको. इन्क्युबेशन संपायच्या वेळी क्लब ठेवला की निम्मे जण घड्याळ बघत बसतात. चहा ठेवत असाल तर सेमिनार रूममध्ये. लॅबमध्ये खाणंपिणं नाही, हा नियम क्लबपुरताही मोडू नका.

पेपर निवडताना पहिल्या सत्रात तरी ‘सेल’, ‘नेचर’, ‘सायन्स’ शक्यतो बाजूला ठेवा. पेपर वाईट असतात म्हणून नव्हे; सात फिगर, प्रत्येकीचे दहा-बारा भाग आणि वर पुरवणीची पन्नास पानं एका तासात झेपत नाहीत. ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’, ‘मॉलिक्युलर मायक्रोबायॉलॉजी’, ‘एमबायो’, ‘अँटिमायक्रोबियल एजंट्स अँड केमोथेरपी’ यांतले चार ते सहा फिगरचे पेपर घ्या. एक अट काटेकोर पाळा: पेपरातली निदान एक पद्धत विभागात रोज कुणीतरी करत असली पाहिजे. एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण), ग्रोथ कर्व्ह, प्लेट काउंट, पीसीआर, काहीही चालेल. ज्यानं ते हातानं केलंय तो ‘हे एवढं सुबक येत नाही’ असं म्हणू शकतो, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते. रिव्ह्यू घेऊ नका. रिव्ह्यूत डेटा नसतो, मग वाद कशावर घालणार? पेपर ठरवण्याआधी प्रकाशकाच्या पानावर दुरुस्तीची किंवा मागे घेतल्याची सूचना आहे का आणि पबपीअर या छापलेल्या पेपरांवर टिप्पण्या होणाऱ्या संकेतस्थळावर काही नोंद आहे का, ते बघा. सूचना असली म्हणून पेपर रद्द करायचा असं नाही, कधी कधी तोच जास्त कामाचा असतो. पण मांडणाऱ्याला ते माहीत हवं.

पेपर सात दिवस आधी सगळ्यांकडे जातो. सोबत मांडणाऱ्यानं एक वाक्य लिहायचं: ‘लेखकांचं म्हणणं असं की...’. हे वाक्य मराठीत लिहायला लावा. इंग्रजीत ॲबस्ट्रॅक्टमधलं वाक्य जसंच्या तसं उतरतं, आणि लिहिणाऱ्याला ते समजलंय की नाही ते कळत नाही. चर्चाही मराठी-इंग्रजी मिसळून होऊ द्या. इंग्रजीच्या धाकानं गप्प बसणारे विद्यार्थी मराठीत विचारायला मोकळे झाले की बरेचदा सगळ्यात धारदार प्रश्न त्यांचाच निघतो.

मांडणाऱ्याची तयारी सहा ते आठ तासांची धरा, आणि त्यातला निम्मा वेळ मेथड व पुरवणीवर. त्यानं एक कागद भरायचा: स्ट्रेन (जिवाणूचा नेमका वाण) आणि तिचं मूळ, माध्यम, तापमान, शेकिंग, पेशी कोणत्या अवस्थेत घेतल्या, इनॉक्युलम (सुरुवातीला घातलेले जिवाणू) किती, औषध एमआयसीच्या किती पट, मोजण्याची किमान मर्यादा, ‘एन’ म्हणजे नेमकं काय, कोणती संख्याशास्त्रीय चाचणी. यातला जो रकाना पेपर वाचूनही रिकामा राहतो तो थेट चर्चेत आणायचा. चॅटबॉटकडून काढलेला सारांश इथे उघडा पडतो, कारण त्यात इनॉक्युलम नसतं. असलंच तर पेपरातल्या आकड्याशी ते ताडून बघावं लागतं.

तासाचा हिशोब ढोबळमानानं असा: पार्श्वभूमी पाच मिनिटं, दावा आणि प्रयोगाची रचना फळ्यावर दहा मिनिटं, मुख्य फिगर तीस-पस्तीस मिनिटं, ‘आपण पुढचा कोणता प्रयोग करू’ दहा मिनिटं. स्लाइड आठपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येक स्लाइडवर फिगरचा एकच भाग, अक्ष वाचता येतील एवढा मोठा. प्रयोगाची रचना स्लाइडवर न दाखवता फळ्यावर काढायची: किती मिलि कल्चर, किती वाजता औषध, किती मायक्रोलिटर काढून कोणत्या डायल्यूशनचं प्लेटिंग. खडू हातात घेतला की मांडणारा जिथे अडखळतो तिथेच पेपरातली मोकळी जागा सापडते.

एक युक्ती दर वेळी वापरण्यासारखी आहे. मुख्य फिगर दाखवण्याआधी नुसते अक्ष दाखवा आणि प्रत्येकाला दोन मिनिटांत वहीत दोन आलेख काढायला सांगा: दावा खरा असेल तर रेषा कशा दिसतील, आणि खोटा असेल तर कशा. मग फिगर उघडा. ज्यानं स्वतः काढलंय तो बोलल्याशिवाय राहत नाही. आणि दोन्ही शक्यतांत आलेख सारखाच येतो असं निघालं, तर त्या प्रयोगानं काहीच सिद्ध केलेलं नाही, हे कुणी सांगावं लागत नाही.

बोलण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी एम.एस्सी. भाग एक, मग भाग दोन, मग पीएच.डी., आणि पहिली वीस मिनिटं शिक्षकांनी गप्प बसायचं. हा नियम सर आणि मॅडम यांना विभागप्रमुखांनीच सांगितलेला बरा. सरांनी तिसऱ्या मिनिटाला मत दिलं की खोलीतल्या बाकीच्या मतांना जागाच उरत नाही. शिवाय दर वेळी एक जण ठरवून विरोधी बाजू घेईल: त्याचं काम दावा चूक आहे असं धरून युक्तिवाद करणं. भूमिका नेमून दिलेली असली की ज्येष्ठांच्या आवडत्या पेपरवर टीका करायला संकोच वाटत नाही.

आता तपासायचं काय, ते एका फिगरवर पाहू. फिगर कल्पित आहे, पण अशा डझनभर सापडतील. क्लेबसिएला न्यूमोनी या जिवाणूवर कोलिस्टिन हे अँटिबायोटिक एकटं, नवं संयुग एकटं आणि दोन्ही एकत्र, असा टाइम-किल (औषध दिल्यावर ठरावीक वेळांना किती पेशी जिवंत उरतात त्याचा) आलेख. उभ्या अक्षावर दर मिलिलिटरमागे सीएफयू (कॉलनी देणाऱ्या, म्हणजे जिवंत पेशी), लॉगमध्ये (दहाच्या घातांत). एकत्रित उपचाराची रेषा सहा तासांत शून्यावर टेकते. लेखक म्हणतात, ‘बॅक्टेरिसायडल आणि सिनर्जिस्टिक’, म्हणजे जिवाणू मारणारं, आणि एकट्या औषधापेक्षा एकत्र बरंच जास्त प्रभावी.

पहिला प्रश्न त्या शून्याला. लॉगचं शून्य म्हणजे दर मिलिलिटरला एक पेशी. मेथडमध्ये लिहिलंय की दहा-दहा पटीच्या डायल्यूशनमधून १० मायक्रोलिटरचे थेंब प्लेटवर सोडले. सगळ्यात कमी डायल्यूशन एकास दहा असेल, तर एक कॉलनी दिसायला मूळ कल्चरमध्ये मिलिलिटरला १००० पेशी हव्यात. म्हणजे त्यांचं शून्य हे खरं तर ‘हजाराखाली, किती ते माहीत नाही’. सुरुवात ५ लाख पेशींपासून, म्हणजे ५.७ लॉग. हजार म्हणजे ३ लॉग. फरक २.७ लॉगचा. बॅक्टेरिसायडल म्हणायला निदान ३ लॉग घट, म्हणजे ९९.९ टक्के पेशी मेलेल्या हव्यात. या प्लेटिंगनं ते दाखवताच येत नव्हतं. न डायल्यूट केलेलं कल्चर १०० मायक्रोलिटर पसरवलं असतं तर मर्यादा मिलिलिटरला १० पेशींपर्यंत खाली आली असती. हे गणित फळ्यावर विद्यार्थ्यालाच करू द्या. पाच मिनिटं लागतात, आणि त्यानंतर तो कुठल्याही पेपरात ही मर्यादा शोधल्याशिवाय राहत नाही.

पण न डायल्यूट केलेलं कल्चर पसरवलं की दुसरी अडचण येते. कल्चरबरोबर औषधही प्लेटवर जातं आणि जिवंत पेशींची वाढ तिथेच थांबवतं. कॉलनी येत नाहीत, आपण समजतो मेल्या. २० मिलि अगरमध्ये १०० मायक्रोलिटर म्हणजे सरासरी २०० पट पातळ. पण हे औषध अगरमध्ये पूर्ण पसरल्यावरचं. कोलिस्टिनसारखा मोठा रेणू अगरात सावकाश पसरतो, म्हणूनच त्याची डिस्क डिफ्युजन चाचणी (अगरवर औषधाची चकती ठेवून वाढ न झालेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजणं) विश्वासार्ह मानत नाहीत आणि एमआयसीची संदर्भ पद्धत म्हणून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषध पातळ करत जाऊन मोजणं) वापरतात. तपासणी सोपी आहे: मोजलेल्या पेशी औषधात घालून लगेच प्लेट करायच्या आणि औषधाविना केलेल्या प्लेटशी कॉलनी ताडून बघायच्या. पेपरात हे कंट्रोल असेल तर लेखकांनी हात चिखलात घातलेला आहे असं समजा. पेशी सेंट्रिफ्यूज करून धुतल्या असतील तर धुताना किती गेल्या, हेही विचारा.

‘सिनर्जी’ या दाव्याला स्वतःची मोजपट्टी आहे. टाइम-किलमध्ये २४ तासांना एकत्रित उपचार हा दोन्हींतल्या जास्त प्रभावी एकट्या औषधापेक्षा निदान २ लॉगनं खाली हवा. चेकरबोर्डमध्ये (दोन औषधांच्या वेगवेगळ्या प्रमाणांची मिश्रणं तपासणं) एफआयसी इंडेक्स (एकत्र असताना प्रत्येकाची एमआयसी एकट्याच्या किती अंश होते, त्यांची बेरीज) ०.५ किंवा कमी आला तर सिनर्जी, ४ च्या वर गेला तर विरोध, मधलं सगळं ‘परस्परांवर परिणाम नाही’. ०.७५ ला ‘अंशतः सिनर्जी’ म्हणणारे पेपर बरेच दिसतात. पण एमआयसी दुप्पट-दुप्पटच्या टप्प्यांत मोजतात, आणि एक टप्पा वरखाली होणं ही त्या पद्धतीची नेहमीची चूक आहे. ४ ची ८ झाली म्हणून काही सिद्ध होत नाही. त्याच प्लेटवर क्वालिटी कंट्रोल स्ट्रेन (जिची एमआयसी आधीच ठाऊक आहे अशी) होती का, ते पाहा. एटीसीसी २५९२२ या ई. कोलायची कोलिस्टिन एमआयसी ०.२५ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ०.००४ ते ०.०१६ यायला हवी. कोलिस्टिन प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे कोणत्या प्लेट वापरल्या हा खवचट प्रश्न नसून रास्त प्रश्न आहे.

चोवीस तासांना रेषा पुन्हा वर आली असेल तर लेखक बहुधा ‘रीग्रोथ’ एवढंच लिहून पुढे जातात. थांबवा त्यांना. परत वाढलेल्या कॉलनींची एमआयसी काढली का? वाढली असेल तर म्यूटंट (जीन बदललेल्या पेशी) निवडले गेले. तेवढीच असेल तर औषध संपलं, मोडलं किंवा काही पेशी नुसत्या तग धरून होत्या. म्यूटंट औषधामुळे तयार झाले असं कुणी सुचवलं, तर म्यूटंट निवडीच्या आधीच तयार झालेले असतात हे दाखवणारा लुरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ चा पेपर आठवायचा. ई. कोलायमध्ये रिफाम्पिसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे म्यूटंट साधारण दहा कोटी पेशींत एक या प्रमाणात आधीच असतात. ओव्हरनाइट कल्चरच्या एका मिलिमध्ये शंभर कोटी पेशी धरल्या, तर दहाएक तिथे आधीच हजर आहेत. औषधानं त्यांना फक्त वाट मोकळी करून दिली.

आणि शेवटी ‘एन बरोबर ३’. बॅक्टेरिऑलॉजीत सगळ्यात जास्त फसवाफसवी, बहुतेकदा नकळत, इथेच होते. एका कॉलनीतून एक ओव्हरनाइट, त्यातून तीन फ्लास्क, तीन टाइम-किल: हा ‘एन’ एक आहे. तीन फ्लास्कमधला फरक पिपेटचा असतो, जिवाणूचा नसतो. म्हणूनच एरर बार इतके बारीक दिसतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कॉलनींपासून केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन. ९६ वेलच्या प्लेटमध्ये आठ वेल भरल्या म्हणून ‘एन’ आठ होत नाही. सीएफयूवर टी-टेस्ट केली असेल तर ती लॉगवर केली की कच्च्या आकड्यांवर, हेही बघा. कच्च्या आकड्यांत एकच मोठा आकडा सगळी सरासरी ओढून नेतो.

बाकी फिगरचे नेहमीचे प्रश्न झटपट सांगतो. ग्रोथ कर्व्हमध्ये ओडी ६०० म्हणजे गढूळपणा, जिवंतपणा नव्हे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा काही बीटा-लॅक्टम दिल्यावर पेशी न विभागता लांबत जातात, ओडी वाढत राहतो आणि सीएफयू घटत असतो. उभा अक्ष लॉग नसेल तर लॅग फेजबद्दलचा (वाढ सुरू होण्याआधीच्या काळाबद्दलचा) कुठलाही दावा बाजूला ठेवा. क्रिस्टल व्हायोलेट या रंगानं बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर) मोजलेली असेल तर रंग मेलेल्या पेशी आणि मॅट्रिक्सही धरतो, आणि जी म्यूटंट मुळातच हळू वाढते तिची बायोफिल्म कमी दिसणारच. आरटी-पीसीआरमध्ये (जीन किती चालू आहे ते एमआरएनएवरून मोजताना) फक्त १६एस आरआरएनए (रायबोसोमचा आरएनए) संदर्भ म्हणून घेतलेला असेल तर शंका घ्या. तो एमआरएनएच्या मानानं इतका मुबलक असतो की लहान फरक त्यात बुडून जातो. जीन काढून टाकलेल्या म्यूटंटचं काँप्लिमेंटेशन (काढलेलं जीन परत घालून बघणं) नसेल तर ऑपेरॉनमधल्या (एकत्र चालणाऱ्या जीन्सच्या रांगेतल्या) पुढच्या जीन्सवर पडलेला पोलर परिणाम वगळता येत नाही. आणि काँप्लिमेंटेशन प्लास्मिडवरून असेल तर वाइल्ड टाइप (मूळ स्ट्रेन) आणि म्यूटंट दोघांतही रिकामा व्हेक्टर (ते जीन नसलेलं प्लास्मिड) हवा. कमी जिवाणू असलेल्या नमुन्यातून १६एस सिक्वेन्सिंग (कोणते जिवाणू आहेत ते डीएनएवरून ओळखणं) केलं असेल, तर किटमधल्याच डीएनएचं काय केलं ते विचारा. वारेत (प्लॅसेंटात) स्वतःचं मायक्रोबायोम (जिवाणूंचा समुदाय) असल्याचा दावा २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या पेपरनं त्यातला मोठा भाग दूषणाच्या खात्यात टाकला. पुढच्या सत्रासाठी ही जोडी चांगली आहे.

आपल्याकडच्या क्लबांत वनस्पतींच्या अर्कांचे पेपर हमखास येतात, तेव्हा त्यांच्याबद्दल दोन शब्द जास्त. कडुनिंब किंवा तुळशीचा अर्क अगरच्या खड्ड्यात घालून मिलिमीटरमध्ये झोन मोजला आणि शेजारी अँटिबायोटिकच्या डिस्कचा झोन ठेवला, तर त्या दोन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही. झोनचा आकार औषधाच्या ताकदीइतकाच त्याच्या पसरण्यावर, अगरच्या जाडीवर (४ मिमीच हवी) आणि किती घातलं यावर ठरतो. डिस्कमध्ये मायक्रोग्रॅम असतात, खड्ड्यात मिलिग्रॅम. फक्त विद्रावक, म्हणजे डीएमएसओ किंवा इथेनॉल, घातलेला खड्डा कुठे आहे, हा पहिला प्रश्न. एमआयसी मिलिलिटरला काही मिलिग्रॅम येत असेल, तर ‘आशादायक’ हा शब्द कुठून आला, हा दुसरा.

स्ट्रेनच्या तक्त्यावर दहा मिनिटं घालवणं कंटाळवाणं वाटतं, पण त्यानं किती मोठी चूक बाहेर येऊ शकते त्याचं उदाहरण क्लबमध्ये एकदा तरी घ्या. २०११ मध्ये ‘पीएनएएस’मध्ये आलेल्या पेपरनं सांगितलं की ई. कोलायमधल्या दहा टॉक्सिन-अँटिटॉक्सिन जोड्या (पेशीला रोखणारं विष आणि त्याचा उतारा यांची जीन्स) एकामागून एक काढत गेलं की अँटिबायोटिकला तोंड देऊन उरणाऱ्या पर्सिस्टर पेशी घटत जातात. सुंदर पायऱ्यापायऱ्यांचा आलेख होता. २०१७ मध्ये त्याच गटानं ‘एमबायो’मध्ये स्वतःच दाखवलं की दहाही जोड्या काढलेल्या त्या स्ट्रेनमध्ये फाय-८० हा फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू) नकळत शिरून बसला होता. सिप्रोफ्लॉक्सॅसिननं डीएनएला इजा झाली की एसओएस प्रतिसाद (पेशीची डीएनए-दुरुस्ती) सुरू होतो, प्रोफाज (जिवाणूच्या डीएनएत लपलेला फाज) जागा होतो आणि पेशी फोडतो. पेशी कमी उरल्या त्या जीन्स काढल्यामुळे नव्हे, फाजमुळे. दुसऱ्या एका गटानं दहाही जोड्या नव्यानं काढून स्ट्रेन बनवली. तिच्यात पर्सिस्टर घटलेच नाहीत. २०१८ मध्ये ‘पीएनएएस’चा तो पेपर, आणि त्यावर उभा असलेला ‘सेल’मधला २०१३ चा पेपर, दोन्ही मागे घेतले गेले.

क्लबमध्ये हे दोन आठवड्यांत करा. पहिल्या आठवड्यात २०११ चा पेपर, मागे घेतल्याचं मांडणाऱ्यानं सांगायचं नाही. (कुणीतरी शोधून काढतोच. काढू द्या.) एवढंच विचारा: दहा वेळा जीनोममध्ये फेरफार करताना आणखी काय काय बदललं असू शकतं, आणि ते कसं तपासाल? पूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग, नव्या हातानं पुन्हा बनवलेली स्ट्रेन, दुसऱ्या यंत्रणेनं मारणारं अँटिबायोटिक, गाळलेल्या कल्चरचा थेंब संवेदनशील स्ट्रेनच्या लॉनवर (प्लेटभर वाढलेल्या थरावर) टाकून प्लाक (पेशी फुटल्याचे स्वच्छ ठिपके) येतात का, अशी उत्तरं यायला हवीत. शेवटची तपासणी कुठल्याही पदवी कॉलेजात एका दिवसात होते. दुसऱ्या आठवड्यात २०१७ चा पेपर.

असंच एक जुनं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधल्या जीएफएजे-१ या जिवाणूचं. तो डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा पेपर २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. त्यावर टीका करणाऱ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफील्ड यांचे प्रश्न साधे होते: माध्यमात फॉस्फेट खरंच नव्हतं का, आणि डीएनए पुरेसा धुतला का? माध्यमात मायक्रोमोलर पातळीवर फॉस्फेट होतंच. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्येच दोन पेपरांनी दावा खोडला, आणि जुलै २०२५ मध्ये नियतकालिकानं मूळ पेपर मागे घेतला; लेखकांना ते मान्य नव्हतं. फसवणुकीचा आरोप नसताना पेपर मागे घ्यावा का, यावर एक तास सहज जातो.

चुकलेल्या पेपरांबरोबर टिकलेलेही वाचा, नाहीतर विद्यार्थी प्रत्येक पेपरला ‘सँपल साइझ कमी आहे’ म्हणायला शिकतात आणि त्यालाच चिकित्सा समजतात. हा आजार फार लवकर पसरतो. उपाय एकच: आक्षेप घेणाऱ्यानं लगेच सांगायचं की त्याची शंका खरी असेल तर फिगरमधला कोणता आकडा कोणत्या बाजूला सरकेल. सांगता आलं नाही तर आक्षेप नोंदवायचा नाही.

टिकलेल्यांत शंभूनाथ डे यांचा १९५९ चा ‘नेचर’मधला पेपर पहिल्या सत्रासाठी उत्तम. कोलकात्यात, साध्या साधनांनी केलेलं काम, मजकूर अगदी थोडका. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याच्या जिवाणूंचं कल्चर सोडलं की द्रव साठतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखवलं होतं. १९५९ मध्ये जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला, आणि आतडं तसंच फुगलं. म्हणजे जिवाणू बाहेर टाकत असलेलं विष हे काम करतं. विद्यार्थ्यांना पेपर देण्याआधी प्रयोग तेवढा सांगा आणि कंट्रोल त्यांनाच ठरवू द्या: नुसतं माध्यम, उकळून घेतलेला तोच गाळलेला द्रव, दुसऱ्या जिवाणूचा गाळलेला द्रव, त्याच सशातला शेजारचा तुकडा. मग पेपर उघडून ताडा. विष शुद्ध स्वरूपात हाती यायला पुढे दहा वर्षं लागली, फिंकेलस्टीन आणि लोस्पालुटो यांनी ते १९६९ मध्ये केलं. तेव्हा १९५९ च्या पुराव्यावर लेखकाला किती बोलण्याचा अधिकार होता, यावरही चर्चा घ्या.

छोटी गणितं अधूनमधून टाकत राहा, तीही कॅल्क्युलेटरविना. पेपर म्हणतो ‘५०० पिढ्या वाढवलं’, रोज एकास शंभर डायल्यूशन. शंभराचा दोनच्या पायातला लॉग ६.६४, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या थोड्या वर पिढ्या, म्हणजे ५०० ला साधारण ७५ दिवस. लेन्स्की यांचा १९८८ पासून चाललेला ई. कोलायचा प्रयोग याच हिशोबावर चालतो. मेथडमध्ये ‘एक महिना’ लिहिलं असेल तर काहीतरी जुळत नाही.

प्रत्येक क्लबनंतर एका पानाची नोंद ठेवा: दावा, निर्णायक फिगर, टिकलेले आक्षेप, आणि सुचलेला एक प्रयोग, त्याला लागणारा वेळ व अंदाजे खर्च यांसह. ती विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर, पेपरच्या पीडीएफशेजारी. नोंद मांडणाऱ्यानं लिहायची नाही, विरोधी बाजू घेणाऱ्यानं लिहायची. एम.एस्सी.च्या डिसर्टेशनचे विषय शोधताना ही फाइल सगळ्यात आधी उघडली जाते.

पहिल्या आठ आठवड्यांचा क्रम असा लावता येईल: डे यांचा पेपर, एक साधा एमआयसी आणि टाइम-किलचा पेपर, लेडरबर्ग दांपत्याचा १९५२ चा रेप्लिका प्लेटिंगचा (एका प्लेटवरच्या कॉलनींचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवण्याचा) पेपर, म्यूटंट आणि काँप्लिमेंटेशन असलेला एक अलीकडचा पेपर, मग पर्सिस्टरची जोडी सलग दोन आठवडे, सातव्याला विभागातल्याच कुणाच्या कामाशी थेट भिडणारा पेपर, आठव्याला बायोआर्काइव्हवरचा ताजा प्रीप्रिंट. प्रीप्रिंटवरची चर्चा नीट झाली तर तिची सात-आठ ओळींची टिप्पणी इंग्रजीत लिहून गाइडना दाखवा आणि लेखकांना पाठवा. त्यांचा पेपर अजून छापून झालेला नसतो, त्यामुळे राहिलेलं कंट्रोल करायला त्यांच्याकडे वेळ असतो. विद्यापीठाच्या परीक्षांच्या आधीचे तीन आठवडे क्लब बंद ठेवा आणि तसं वेळापत्रकातच छापा, म्हणजे परीक्षेनंतर तो पुन्हा सुरू करायला कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.